पाठीवर नाव असलेली १९९० ची जर्सी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: बाबांच्या पंचाहत्तरीला त्यांना पश्चिम जर्मनीची १९९० च्या वर्ल्ड कपची ओरिजिनल जर्सी द्यायची आहे. इन्स्टाग्रामवर एकजण ती विकतोय. पाठीवर कर्णधार मथेउसचं नाव, नंबर १०, कंडिशन एकदम नव्यासारखी, किंमत ६,५०० रुपये. घेऊ का, आणि ओरिजिनल कशी ओळखायची?

पहिल्या भागाचं उत्तर सोपं आहे. घेऊ नका. फोटो न बघताही मी हे सांगू शकतो, कारण १९९० च्या वर्ल्ड कपमध्ये कुणाच्याच पाठीवर नाव नव्हतं. नुसता नंबर असायचा. नावं आली ती १९९२ च्या स्वीडनमधल्या युरो स्पर्धेत, आणि वर्ल्ड कपमध्ये १९९४ ला, अमेरिकेत. तेव्हा '१९९० ची मॅच जर्सी, मथेउस नावासकट' असं कुणी म्हणालं की ते नाव नंतर चिकटवलंय हे पक्कं. आता खालची जर्सी खरंच जुनी आणि वर नाव मात्र हौसेने टाकलेलं, असंही होऊ शकतं. पण तसं असतं तर ती ६,५०० ला मिळाली नसती. चांगल्या अवस्थेतल्या अस्सल जुन्या जर्मनीला परदेशातली दुकानं शेकडो पौंड लावतात.

दुसरा भाग मात्र दिसतो तितका सरळ नाही. 'ओरिजिनल' या एका शब्दात आपण पाच-सहा वेगवेगळ्या वस्तू कोंबतो आणि विकणारा त्याचाच फायदा घेतो.

मी पंधरा वर्षं तिरुप्पूरला निटेड कपड्यांच्या तपासणीत काढली. रोज शेकडो टी-शर्ट उलटे करून टाके मोजायचे, हा माझा धंदा. आता कोल्हापुरात असतो आणि कपाटात ऐंशीएक जुन्या जर्सी आहेत, बहुतेक देशांच्या, क्लबच्या फार थोड्या. त्यामुळे माझी नजर समोरच्या लोगोवर जायच्या आधी आतल्या शिलाईवर जाते. हे वाचताना तेवढा माझा कल लक्षात ठेवा.

तर ओरिजिनलचे प्रकार. खेळाडूने मैदानात घातलेली, ही एक. खेळाडूंसाठी बनवलेली पण न घातलेली, ही दुसरी. त्याच काळात त्याच कंपनीने दुकानात विकलेली, ही तिसरी, आणि संग्राहक 'जुनी ओरिजिनल' म्हणतात तेव्हा बहुतेक वेळा त्यांना हीच म्हणायची असते. मग कंपनीने वीस-तीस वर्षांनी पुन्हा काढलेली आवृत्ती. मग स्कोर ड्रॉसारख्या कंपन्या संघाच्या रीतसर परवान्याने करतात ती प्रत. आणि शेवटी बँकॉकपासून आपल्या फॅशन स्ट्रीटपर्यंत कुठेही मिळणारी नक्कल. यातल्या पहिल्या पाचही आपापल्या जागी खऱ्या आहेत. चौथी किंवा पाचवी वस्तू तिसरी म्हणून गळ्यात मारली, की मग फसवणूक.

ही विभागणी किती निसरडी असते ते बघायचं तर मॅराडोनाची १९८६ ची निळी जर्सी घ्या. मेक्सिकोतल्या दुपारच्या उकाड्यात अर्जेंटिनाची दुसरी, निळी जर्सी घामाने जड व्हायची. इंग्लंडविरुद्धच्या क्वार्टर फायनलमध्ये तीच घालावी लागणार म्हटल्यावर प्रशिक्षक बिलार्दो यांनी हलकी जर्सी मागितली. कंपनीकडे तयार नव्हती. मग संघाच्या माणसाने मेक्सिको सिटीतल्या दुकानात जाऊन ल कोक स्पोर्टिफच्या निळ्या जर्सी विकत आणल्या, घाईघाईने त्यांवर संघाचे बॅज शिवले आणि चमचमते रुपेरी नंबर इस्त्रीने चिकटवले. २२ जून १९८६ ला 'हँड ऑफ गॉड', म्हणजे हाताने केलेला तो गोल, आणि पाठोपाठ तो अख्खा इंग्लंड चकवून केलेला दुसरा गोल, हे दोन्ही त्या दुकानातून आणलेल्या कापडात झाले. सामना संपल्यावर इंग्लंडच्या स्टीव्ह हॉजने ती बदलून घेतली. पुढे बरीच वर्षं ती मँचेस्टरच्या नॅशनल फुटबॉल म्युझियममध्ये होती आणि मे २०२२ मध्ये सदबीजच्या लिलावात सुमारे ७१ लाख पौंडांना गेली.

म्हणजे कापड दुकानातलं आणि किंमत ७१ लाख पौंड. मग पैसे कशाचे दिले? पुराव्याचे. लिलावाच्या वेळी मॅराडोनाच्या घरच्यांनी ही पहिल्या हाफची जर्सी आहे, गोल दुसऱ्या हाफमध्ये झाले, असा आक्षेप घेतला होता. तेव्हा सामन्याच्या फोटोंशी बॅजचा आणि नंबरचा बारीक तपशील ताडून बघितला गेला. घाईत हाताने शिवलेले बॅज प्रत्येक जर्सीवर थोडे वेगळे बसले होते, तेच कामाला आलं. एरवी ज्याला आम्ही कारखान्यात दोष म्हणून बाजूला काढतो, तो इथे ओळखपत्र ठरला. माझ्यासारख्या क्वालिटीवाल्याला हे पचवायला जरा जड गेलं!

तुमच्या-माझ्या ऐपतीत 'खेळाडूने घातलेली' हा प्रकार जवळजवळ नाहीच. कुणी 'मॅच वॉर्न' म्हणून देत असेल आणि पुराव्यात फक्त एक सही केलेलं प्रमाणपत्र असेल, तर त्या कागदाची किंमत शून्य धरा आणि मग जर्सी परवडते का बघा.

आता जर्मनीची जर्सी. पांढऱ्यावर काळा-लाल-सोनेरी कोनाकोनांचा पट्टा असलेलं हे डिझाइन इना फ्रांझमन या डिझायनरचं. ते मुळात १९८८ च्या युरोसाठी आलं आणि १९९० लाही तेच राहिलं, म्हणून जाणकार तिला १९८८-९० ची जर्सी म्हणतात. ८ जुलैच्या रोमच्या फायनलला ही पांढरी होती. आपल्याकडे रात्री साडेअकराला सामना सुरू झाला, बाहेर कोल्हापूरचा पाऊस, आणि ब्रेहमेच्या पेनल्टीपर्यंत अर्धी गल्ली पेंगुळलेली. त्याआधी इंग्लंडविरुद्धची सेमीफायनल ते हिरव्या जर्सीत खेळले होते. बाबांची आठवण नक्की कुठल्या सामन्याची आहे ते एकदा सहज काढून घ्या. मी एका मित्राला पांढरी शोधायला मदत केली आणि त्याच्या डोक्यात सगळा वेळ हिरवीच होती.

या जर्सीची अडचण अशी, की ती लोकांना इतकी आवडते की आदिदासने ती पुढे स्वतःच पुन्हा काढली. त्यामुळे नुसतं तीन पानांचं जुनं बोधचिन्ह आहे म्हणून ती जुनी, हा तर्क चालत नाही. आदिदासने खेळाच्या कपड्यांवरून ते चिन्ह १९९१ च्या सुमारास काढलं हे खरं, पण नंतरच्या 'ओरिजिनल्स' मालावर तेच चिन्ह आहे. उलट्या दिशेने मात्र एक खूण उपयोगी पडते. बॅजवर तीन तारे असतील तर ती १९९० ची नाही. तिसरा वर्ल्ड कप तर त्याच स्पर्धेत जिंकला, तारे पुढच्या काळात आले.

म्हणून मी आधी गळ्यामागचं आणि कुशीतलं लेबल बघतो. समोरची बाजू नक्कल करणारा मन लावून करतो, लेबलावर तो सहसा आळस करतो. जुन्या जर्मन मालावर 'मेड इन वेस्ट जर्मनी' असं दिसतं, पण ते नसलं म्हणजे खोटी असंही नाही. आदिदासचा माल परवान्याने इतर देशांतही बनायचा. फ्रान्समध्ये व्हेंटेक्स ही कंपनी बनवायची आणि तिचं कापड, कॉलर, लेबल सगळं थोडं वेगळं असायचं. तेव्हा इथे 'असंच असलं पाहिजे' असा हट्ट धरू नका. 'हे असू शकत नाही' असं काही सापडतं का ते शोधा.

माझा स्वतःचा धडा सांगतो. नेदरलँड्सची १९८८ ची नारिंगी जर्सी, व्हॅन बास्टनचा तो अशक्य कोनातून मारलेला गोल ज्या जर्सीत झाला ती, मी बऱ्याच वर्षांपूर्वी परदेशातल्या एका विक्रेत्याकडून घेतली. फोटोत सुंदर. घरी आल्यावर कुशीतलं धुलाईचं लेबल उलगडलं तर सात-आठ भाषांत सूचना आणि खाली कंपनीच्या वेबसाइटचा पत्ता! १९८८ च्या जर्सीवर वेबसाइट! कंपनीनेच काढलेली नवी आवृत्ती होती, माल खोटा नव्हता, पण मी पैसे जुन्याचे मोजले होते. विक्रेत्याने लेबलचा फोटो टाकला नव्हता आणि मी, पंधरा वर्षं लेबलं तपासणारा माणूस, मागितला नव्हता. ती जर्सी अजून आहे, सकाळी फिरायला जाताना घालतो.

लेबलनंतर कापड. ऐंशीच्या दशकातल्या जर्सींवर अंगच्याच रंगातले पट्टे किंवा चौकटी दिसतात, उजेडात तिरपं धरलं की उठून येणाऱ्या. चमकदार आणि मंद सूत मिळून त्या विणकामातच काढलेल्या असायच्या. नक्कल करणाऱ्याला तसं कापड विणून घेणं परवडत नाही, तो वरून छापतो. जर्सी उलटी करा. विणलेली नक्षी मागूनही जाणवते, छापलेली मागे कोरी असते. ही कसोटी छापील डिझाइनच्या जर्सीला अर्थातच लागू नाही, आणि नव्वदच्या दशकात छपाई खूप वाढली, त्यामुळे कुठल्या वर्षाची जर्सी हातात आहे त्यावर सगळं अवलंबून.

मग शिलाई. बॅजच्या मागच्या बाजूचा फोटो मागा. दोरे कसे कापलेत, मागे कागदी अस्तर नवं कोरं पांढरं आहे का, ओव्हरलॉकचा, म्हणजे कापडाच्या कडेचा, टाका सैल आहे का. पस्तीस वर्षांच्या कपड्यात कापड, दोरा, लेबल आणि नंबर हे सगळे मिळून म्हातारे झालेले असतात. कापड जुनं आणि नंबर तरुण, किंवा नंबरला मुद्दाम भेगा पाडलेल्या पण लेबल कडक, असं दिसलं की थांबा. काहीजण यूव्ही टॉर्च मारून बघायला सांगतात. त्यावर मी भरवसा ठेवत नाही. आजच्या साबणात चमक आणणारी द्रव्यं असतात, त्यात धुतली असेल तर अस्सल जुनी जर्सीही निळी चमकू शकते.

२००० नंतरच्या जर्सींचं गणित निराळं. तिथे लेबलावर कंपनीचा मालक्रमांक असतो. तो सर्चमध्ये टाकायचा आणि तीच जर्सी, तोच रंग येतो का बघायचं. नकला करणारे एकच क्रमांक पन्नास वेगवेगळ्या जर्सींवर छापतात. खेळाडूंची आणि दुकानातली जर्सी यांत मोठा फरकही याच काळात पडला. २००२ ला नायकीने ब्राझीलच्या खेळाडूंना दोन थरांची जर्सी दिली होती. फायनलमध्ये एडमिल्सन जर्सी बदलायला गेला आणि त्या दोन थरांत असा अडकला की डोकं कुठून काढावं त्याला कळेना. तुम्हाला आठवत असेल. जर्मनी १९९० च्या बाबतीत तुम्हाला या भानगडीत पडायचं कारण नाही.

आधीच्या काळातल्या दोन खुणा मात्र सांगून ठेवतो, कारण चुकीचं बोलून विकणारे भरपूर भेटतात. जर्मनीची १९७४ ची जर्सी कुणी 'आदिदासची' म्हणून दाखवली तर नमस्कार करून निघा, तेव्हा त्यांच्या जर्सी एरिमा बनवायची. आणि १९७४ च्या नेदरलँड्सची '१४ नंबर, क्रायफ' अशी आदिदासच्या तीन पट्ट्यांची जर्सी मिळाली तरीही तेच करा. त्याचा करार पुमाशी होता, त्यामुळे त्याच्या बाहीवर दोनच पट्टे असत.

आता तुमच्या प्रश्नातला न विचारलेला भाग. बाबा ती जर्सी घालणार आहेत की भिंतीवर लावणार आहेत? घालणार असतील तर जुनी घेऊच नका. त्या काळच्या पॉलिएस्टरमध्ये आपल्या हवेत घाम सुकत नाही, मापं आजच्याशी जुळत नाहीत, आणि आमटीचा एक डाग पडला की तुमचा जीव जाणार, त्यांचा नाही. त्यांना आदिदासची पुन्हा काढलेली आवृत्ती घ्या, पाठीवर काही न लिहिता. दुकानात नसेल तर जुन्या बाजारात तीही मिळते, फक्त विकणारा तिला नवी आवृत्ती म्हणून विकतोय ना ते बघा. तो हे सरळ सांगत असेल तर बाकी व्यवहारातही बहुधा सरळ असतो.

ठेवण्यासाठी हवी असेल तर जुनीच घ्या, पण घाई करू नका आणि पंचाहत्तरीच्या तारखेला बांधून घेऊ नका. मँचेस्टरचं २००६ पासूनचं क्लासिक फुटबॉल शर्ट्स किंवा तसं एखादं नावाजलेलं दुकान महाग पडतं, पण परत घेण्याची सोय असते. किंमत मुख्यतः मापावर आणि नंबरवर हलते. लहान मुलांच्या मापाची तीच जर्सी खूप स्वस्त मिळते, आणि फ्रेमच करायची असेल तर त्यात काही बिघडत नाही. मी दोन अशाच घेतल्यात.

परदेशातून मागवताना एक अडचण आहे. आपल्याकडे वापरलेल्या कपड्यांची आयात निर्बंधित आहे, त्यामुळे 'सेकंडहँड' लिहिलेलं पार्सल अडकू शकतं. माझं एक दोन महिने फिरून परत गेलं, पोस्टेज बुडालं. तेव्हापासून मी ते लंडनला भाच्याकडे पाठवायला सांगतो आणि तो दिवाळीला येताना आपल्या कपड्यांत घेऊन येतो. तुमचं कुणी पुण्या-मुंबईचं बाहेर असेलच.

सांभाळण्याबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण आपल्याकडे जर्सी फसवणुकीपेक्षा पावसाळ्यात जास्त मरतात. पॉलिएस्टरला कसर सहसा लागत नाही, म्हणून डांबरगोळ्यांची गरज नाही. उलट त्यांच्या वाफेने काही प्लास्टिक मऊ पडतात, आणि पाठीवरचा नंबर प्लास्टिकचाच असतो. खरा शत्रू दमट हवा आणि उष्णता. प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बंद केली की आतली ओल आतच राहते, बुरशी धरते, आणि घडीत नंबरावर नंबर आला की उन्हाळ्यात दोन्ही एकमेकांना चिकटतात. सोडवायला गेलं की अर्धा नंबर इकडे, अर्धा तिकडे. आई पैठणी ठेवायची तशी ठेवा: धुऊन मऊ झालेल्या जुन्या मलमलीत, घडीच्या आत नंबरावर मलमलीचा पदर, आणि दर तीन-चार महिन्यांनी घडी बदलायची. पावसाळा संपला की एक दिवस सावलीत वारा द्यायचा. ऊन नको, पांढरं कापड पिवळं पडतं आणि लाल उतरतो. धुवायची वेळ आलीच तर उलटी करून, गार पाण्यात, हाताने, न पिळता. इस्त्री नंबरावर कधीही नाही.

फ्रेम करणाऱ्याला आधीच सांगा की डिंक, स्टेपल, दुहेरी टेप काही चालणार नाही. कापड लावलेल्या बोर्डावर जर्सी दोऱ्याने चार-सहा ठिकाणी टाचायची, आणि काच जर्सीला टेकू द्यायची नाही. फ्रेम खिडकीसमोर लावू नका.

जाता जाता एक, हा माझा हट्ट समजा. सगळेजण जर्मनी, ब्राझील, अर्जेंटिना गोळा करतात. वर्ल्ड कप आला की आमच्या पेठांत फलकही त्यांचेच लागतात. भारताच्या जुन्या जर्सीकडे मात्र कुणी बघत नाही. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये आपल्या मुंबईच्या नेव्हिल डिसूझाने ऑस्ट्रेलियावर तीन गोल मारले, सामना ४-२ जिंकला आणि भारत चौथा आला. त्या काळच्या जर्सी दुकानात कधी विकल्याच गेल्या नाहीत, म्हणून त्या बाजारात सापडत नाहीत. असल्या तर कुणाच्या तरी ट्रंकेत आहेत. गोव्यात, मुंबईत, कोल्हापुरात जुन्या खेळाडूंच्या घरी विचारलं तर चहा नक्की मिळतो आणि कधीकधी जर्सी बघायला मिळते. एका घरी संतोष ट्रॉफीतली महाराष्ट्राची जर्सी मी फरशी पुसायच्या बादलीवर वाळत घातलेली बघितली आहे. मागितली तर आजीबाई म्हणाल्या, दुसरं फडकं आणून दे आणि घेऊन जा. ही माझ्याकडची सगळ्यात स्वस्त जर्सी आणि विकायला मी शेवटी काढेन ती.

तुमच्या त्या विक्रेत्याला आज तीन फोटो मागा: गळ्यामागचं लेबल, कुशीतलं धुलाईचं लेबल दोन्ही बाजूंनी, आणि बॅजची आतली बाजू. बॅट्री गेली, दुकान लांब आहे, कुणीतरी दुसरा बुक करतोय, यातलं काही उत्तर आलं तर विषय संपला. फोटो आलेच तर मला दाखवा. आणि बाबांच्या छातीचं माप घेऊन ठेवा, तोपर्यंत तेवढंच काम आहे.